शेवटच्या ओळीचा खटका

लोटनने शेवटच्या ओळीचा खटका खाली ओढला.

काळी-पिवळी जीप भरायला अजून दोन माणसं हवी होती. ड्रायव्हर "साक्री, साक्री" करत टपावर थापा मारत होता.

निळा पडदा. पांढरं चक्र.

मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "पोरी, तुना फोन वाजी ऱ्हायना." शीतलने फोन उपडा केला.

बन्सीलाल सरांच्या डब्यात कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. डबा अजून उघडलेला नाही.

शीतलच्या चपलेचा अंगठा तुटला. त्याला सेफ्टी पिन.

खटका पुन्हा वर.

"मॅडम, हे माझं नाही."

रेशमा शेवटच्या ओळीत, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नव्हती. पडद्यावर कोरा डेस्कटॉप, कोपऱ्यात फक्त कचऱ्याची टोपली. शुक्रवारी ती इथून उठली तेव्हा या पडद्यावर तिचा प्रोजेक्ट होता: काळी-पिवळी किती वेळात भरेल ते सांगणारा प्रोग्रॅम. तिच्या गावाच्या फाट्यावर जीप भरल्याशिवाय हलत नाही. बाजार असला तर किती वेळ लागतो, पाऊस असला तर किती, लग्नाची तीथ असली तर किती, हे ती वर्षभर त्याच जीपमध्ये बसून टिपत आली होती. दुपारी जळगावहून परीक्षक येणार होते. दाखवायला काही नसलं तर ती नापास. आणि नापास झालेल्या मुलीला डोंगर उतरून पुन्हा कॉलेजला कोणी पाठवणार नव्हतं.

लॅब सांभाळणारी शीतल वाकली. खात्यातून बाहेर पडली, परत आत शिरली. तोच कोरा पडदा, आणि खाली सूचना: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात, इथे ठेवलेलं काही राहणार नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर गोपाल, त्याच्या पलीकडे मोनाली. त्यांचंही तेच. जणू ही तिघं या लॅबमध्ये आज पहिल्यांदाच आली होती आणि मशीन त्यांना ओळखत नव्हतं.

"माझे क्रिकेटचे फोटो गेले," गोपाल म्हणाला. कोणी हसलं नाही.

"प्रोजेक्ट सर्व्हरवर का नाही ठेवलास?" शीतलने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला.

"या ओळीत सर्व्हर कधी दिसतो, कधी नाही ना, मॅडम. वायर खराब आहे म्हणून तुम्हीच म्हणालात, तू डेस्कटॉपवर ठेव."

शीतलने तोंडात धरलेलं पेनाचं टोपण दातांनी दाबलं. म्हणाली होती. दिवाळीनंतर कधीतरी, इथेच उभी राहून, दुसरीकडे बघत.

"काय गोंधळ आहे?" दारातून बन्सीलाल सर आत आले. विभागप्रमुख असल्याचं त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनही कळायचं. त्यांनी तिन्ही पडदे पाहिले, मग मागे वळून हाक मारली, "लोटन!"

लोटन दारातच होता. हातात कीबोर्ड पुसायचं फडकं. लॅब उघडायचं काम त्याचं. रोज सकाळी एकेक ओळ तो चालू करायचा, कारण सगळ्या ओळी एकदम चालू केल्या की यूपीएस कुंई करून बसायचा. प्रत्येक कीबोर्डला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. मुलं त्याची नक्कल करायची, आणि परीक्षेच्या दिवशी तीच मुलं गुपचूप तसंच करायची.

"सकाळी काय केलंस इथे?"

"काही नही, सर. रोजना मायक चालू करात. पुढला बठ्ठा कॉम्प्युटर व्हयनात चालू. हाई ओळ अडकनी. चक्र फिरीच ऱ्हायनं, फिरीच ऱ्हायनं. मंग खटका पाडा, परत चढावा."

"चालू कॉम्प्युटरचा खटका पाडलास?"

"मांगला सोमवारले उशीर व्हयना तं तुम्हीच बोलनात ना."

"मी लवकर चालू कर म्हणालो होतो. जीव घे म्हणालो नव्हतो."

मोनालीला हसू फुटलं, ते तिने ओढणीत दाबलं. लोटनने फडक्याची घडी केली, मग त्या घडीची आणखी घडी केली.

"मनी चूक शे," तो म्हणाला.

बन्सीलाल सर शीतलकडे वळले. "असा खटका पाडला की प्रोफाइल बिघडतं. बरोबर ना?"

"बिघडू शकतं," शीतल म्हणाली.

"म्हणजे बिघडतं. बघा काही वाचतं का. नाही वाचलं तर पोरीचं वर्ष गेलं." मग लोटनकडे न बघता, "वाचो न वाचो, याच्या मुदतवाढीवर मी सही करणार नाही. उद्या एक तारीख; उद्यापासून दुसरा माणूस बघू. रोजंदारीवर माणसं मिळतात."

ते गेले. लोटन गेला नाही. भिंतीला टेकून, ओळीतल्या सगळ्यांत दूरच्या कॉम्प्युटरपेक्षाही दूर उभा राहिला.

चक्र का फिरत होतं, हे कोणी विचारलं नाही.

शीतलला ते विचारायची गरज नव्हती. कॉम्प्युटर सुरू होताना सर्व्हरवरून काही हुकूम येतात, एका स्क्रिप्टमध्ये लिहिलेले. हे कर, ते जोड, हे पुस. ती स्क्रिप्ट शीतलची. लॅब फार संथ झाली, पोरांनी कचरा भरलाय, परीक्षक यायच्या आत साफ करा, असं सरांनी शनिवारी सांगितलं आणि घरी जायच्या घाईत तिने स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवल्या. सोमवारी मशीन सुरू झालं की विद्यार्थ्यांची जुनी प्रोफाइलं पुसायची. कामं सगळ्यांची सर्व्हरवरच आहेत. सगळ्यांची. टाइप करताना तिच्या मनात सगळे होते. शेवटची ओळ नव्हती.

म्हणजे मशीन अडकलं नव्हतं. सांगितलेलं काम करत होतं; पुढच्या ओळींत पुसायला फारसं नव्हतं, इथे होतं.

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. पिन अंगठ्याला टोचली. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती त्या एका ओळीत येरझाऱ्या घालत होती आणि रेशमा मान वळवून तिच्याकडे बघत होती, पाखराकडे बघतात तशी, उडेल की बसेल.

"मॅडम, सापडेल?"

"बघतेय ना."

खटका पाडला नसता तर? हा प्रश्न तिला आवडला. खटका पाडला म्हणूनच हे झालं असेल तर त्या चार ओळी...

तिने प्रशासकाच्या खात्याने त्या मशीनमध्ये प्रवेश केला. स्क्रिप्ट काम करता करता मागे नोंदी सोडते. त्या नोंदी तिने उघडल्या. या मशीनवर कधी ना कधी बसलेल्या सगळ्यांची नावं.

गोपाल: पुसलं.
मेघा: पुसलं.
मोनाली: पुसलं.
रेशमा: सुरू.

त्यापुढे काही नव्हतं. पुढची ओळच नव्हती. तिथे खटका पडला होता.

शीतलने खुर्ची पुढे ओढली. रेशमाच्या नावाचा फोल्डर होता. अर्धा. पुसणं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने चालतं; मशीन माणसाला ज्या सामानावरून ओळखतं ते 'ए' वर असतं, म्हणून ते आधी गेलं होतं, आणि म्हणूनच तिला मशीन ओळखत नव्हतं. डेस्कटॉप 'डी' वर. तिथवर पोचायच्या आत वीज गेली होती.

फोल्डर उघडला. जीप होती. सगळीच्या सगळी.

"हे माझं," रेशमा म्हणाली आणि आता बसली.

शीतलने ते आधी सर्व्हरवर उतरवलं, मग पेनड्राइव्हवर, मग स्वतःच्या मेलवर. हात थांबतच नव्हते. तरी एक गोष्ट तिला समजत नव्हती. लोटनने खटका परत वर केला, मशीन पुन्हा सुरू झालं, मग स्क्रिप्टने राहिलेलं का पुसलं नाही? तिने स्वतःच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. 'काम झालं' ही खूण, दुसऱ्यांदा पुसू नये म्हणून ठेवलेली, तिने शेवटी लिहायच्या ऐवजी सुरुवातीलाच लिहिली होती. दुसऱ्या वेळी स्क्रिप्टने खूण पाहिली आणि काम झालं समजून ती पुढे निघून गेली.

शनिवारची घाई. एका चुकीने मुलीचं काम पुसायला घेतलं, दुसरीने सोडून दिलं, आणि दोन्हींच्या मध्ये एका माणसाचा हात.

तिने त्या चार ओळी काढून टाकल्या. नोंदींची खिडकी बंद करताना तिने मागे पाहिलं. लोटन भिंतीशी नव्हता.

परीक्षक चष्मा कपाळावर चढवून जीपचा प्रोग्रॅम बघत राहिले. "सोमवार, बाजार, पाऊस नाही," रेशमाने भरलं. उत्तर आलं. "आणि ड्रायव्हरने घाई केली तर?" त्यांनी विचारलं. "तो कधीच घाई करत नाही, सर," रेशमा म्हणाली, आणि परीक्षक मोठ्याने हसले. बन्सीलाल सरही हसले. सगळं फार चांगलं चाललं होतं. शीतल पाठीमागे उभी राहून पेनाचं टोपण लावत होती, काढत होती, लावत होती.

परीक्षक चहाला गेल्यावर लोटन किल्ली घेऊन आला. लाल दोऱ्यात ओवलेली, दोरा तेलकट काळा पडलेला.

"ऑफिसमा जमा करानी शे, सरनी सांगं. म्हणतं, तुम्हले सांगीसन जाऊ."

"लोटनभाऊ, थांबा." तिने दार लोटलं. "तुम्ही खटका पाडला म्हणून रेशमाचं काम राहिलं. नसता पाडला तर सगळं पुसलं गेलं असतं. त्या दोघांचं गेलं तसं."

लोटनने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच हसला, आजारी माणसाला तुम्ही बरे दिसता म्हटल्यावर तो हसतो तसा.

"मॅडम, तुमना जीव मोठा शे. मनं मन राखासाठे बोली ऱ्हायनात."

"मन राखायला नाही. खरंच. ते चक्र माझ्यामुळे..."

"ऱ्हाऊ द्या ना. पोरनं वर्ष वाचनं. तुम्ही व्हतात म्हणीसन वाचनं." त्याने किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. "उद्या सकाळे जो कोण येई, त्याले इतलंच सांगा, एकेक ओळ चालू करजो. एकदम करा तं यूपीएस बसी जास."

जाताना दाराजवळच्या पहिल्या कीबोर्डला त्याने हात लावला. कपाळाला नेला नाही, नुसताच लावला, आणि खाली उतरला.

शीतल लॅबमध्ये एकटी. पंखा, खिडकी, शेवटची ओळ. नोंदी अजून त्या मशीनमध्ये होत्या. कोणी उघडल्या तर वाचता आल्या असत्या. कोणी उघडणार नव्हतं. तिच्याशिवाय इथे त्या कोणाला वाचताही येत नव्हत्या.

तिची स्वतःची मुदतही उन्हाळ्यात संपत होती.

ती बाहेर आली, जिन्यापर्यंत गेली, दोन पायऱ्या उतरली, परत चढली. बन्सीलाल सरांच्या केबिनचं दार उघडं होतं. त्यांनी अखेर डबा उघडला होता. डब्याखाली, तेलाचा डाग पडू नये म्हणून एका बाजूला सरकवलेला, लोटनच्या मुदतवाढीचा कागद.

"या, या. जेवलात की नाही? भाकरी घ्या, कळण्याची आहे." भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "परीक्षक तुमचं नाव विचारत होते. मी प्राचार्यांनाही सांगितलं, ही पोरगी नसती तर आज आपली अब्रू गेली असती. बसा ना."

शीतल बसली नाही. पिनेचं टोक पुन्हा अंगठ्यात गेलं होतं आणि या वेळी तिने पाय हलवला नाही.

"सर, शनिवारी मी..."

खटका ओढण्याआधी लोटनने शीतलला दोनदा फोन लावला होता, ती काळी-पिवळीत बसली होती तेव्हा.