शंभर नंबरी नळी

“ती वाटी हितं ठेव,” मी म्हणाले.

नजीरा वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. “मी धुतो की, आपा. तुमी बसा. एस्टीतनं दमून आलाय.”

“दमाय मी काय कोल्हापुरास्नं चालत आलोय व्हय? आण हिकडं.”

“न्हाय, पानी उकळाय लागलंय,” असं म्हणून तिनं वाटी पदराखाली घेतली आणि परसात निघून गेली. पदराखाली! उकळायच्या वस्तूला पदर कशाला लागतो? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथं.

नजीरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, चमनची, बायको. आणि वाटीत होती माझ्या बापाच्या गळ्यातली नळी.

अब्बांना घशाचा कॅन्सर झाला होता. हुपरीत चाळीस वर्षं त्यांनी चांदीचे पैंजण केले. फुंकणीनं ज्योत फुंकून कड्या जोडायच्या, आणि मधेच कुणावर तरी ओरडायचं. आवाज असा की चार घरं पलीकडचा कारागीर दचकून उठावा. त्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि तो आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलायचे.

नळ्या खरं तर दोन. एक बाहेरची, मानेला नाडीनं बांधलेली. तिच्या आत दुसरी, बारीक. ही आतली दिवसातून चार वेळा काढायची, उकळत्या पाण्यात धुवायची आणि पुन्हा बसवायची, नाहीतर कफ साचून श्वास कोंडतो. वॉर्डातल्या शालूबाई सिस्टरनी हे मला शिकवलं, मी नजीराला शिकवलं. निघताना शालूबाई म्हणाल्या होत्या, “चांदीची नळी आहे, जपा बरं.”

चांदीची. हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला होता. आमच्या गावात घरातला केरसुद्धा कुणी उकिरड्यावर टाकत नाही, चाळून बघतात, कण सापडतो का म्हणून. अशा गावात वाढलेल्या बाईला संशय शिकवावा लागत नाही. महिनाभर बालवाडीच्या नोकरीमुळं मला माहेरी यायला जमलं नव्हतं. आले तर ही बया नळीला हात लावू देईना. शिवाय मघाशी वाटीत जे चमकलं ते दवाखान्यातलं नव्हतं. चकाकी वेगळी होती. चांदी मला लांबून कळते आणि चांदीची बदलाबदलही.

नजीराचा भाऊ पॉलिशचं काम करायचा. पांढऱ्या धातूचे तुकडे त्याच्याकडं ढिगानं पडलेले. झालं, माझ्या मनानं सगळा गुन्हा जुळवून टाकला. खरी नळी मुशीत वितळली आणि माझ्या बापाच्या गळ्यात तिच्या भावाच्या दुकानातलं भंगार आलं! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले. पुरावा हवा होता.

तो शोधायची संधी दुपारी मिळाली. अब्बा त्यांच्या कामाच्या पाटाशी तक्क्याला टेकून डुलकी घेत होते. नजीरानं धुतलेली नळी स्वच्छ फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि पाण्याची घागर आणायला परसात गेली. मी फडकं उघडलं.

नळी हाताला जड लागली. म्हणजे काय ते कळेना. मग मला अब्बांची जुनी सवय आठवली. तार नरम आहे का बघायला ते ती दाताखाली धरायचे. चोख चांदी दाताला दबते, भेसळ दबत नाही. मी नळी दाताखाली धरली आणि चावले.

दात रुतला.

मी चक्रावले. ही तर चोख निघाली! मग पदर कशासाठी, लपवाछपवी कशासाठी? एवढ्यात घागर टेकवल्याचा आवाज आला. घाईघाईनं मी नळी अब्बांच्या गळ्यात सरकवली. अर्ध्यावर अडली. मी जोर लावला, आत ढकलली आणि फिरवून खिट्टी बसवली. अब्बांनी खाडकन डोळे उघडले.

“कुनी घातली?” नजीरा दारातच थबकली.

“मी. का? माझा बाप न्हाय व्हय त्यो?”

अब्बांनी पाटी ओढली आणि लिहिलं: घट्ट.

“बघू, मी काढून बघतो एकदा,” नजीरा पुढं आली.

मी तिचा हात धरला. “हात लावू नगंस. धुतल्यावर लागतीच घट्ट. हितनं म्होरं ह्या घरात माझ्या डोळ्यांदेखत काय व्हायचं ते हुंदे.”

नजीरा मागं सरली. अब्बांकडं बघत भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं ते गप्प राहणंसुद्धा मला चोराचं वाटलं.

तासाभरात अब्बांच्या गळ्यातून शिट्टी वाजायला लागली. आधी बारीक, मग प्रत्येक श्वासाला. ते उठून बसले. खोकायला गेले, खोकला येईना. ओठ निळसर दिसायला लागले. नजीरानं मला कोपरानं बाजूला ढकललं आणि नळी काढायला गेली. नळी हलेना. पुढं नाही, मागं नाही.

“या अल्ला! अडकलीया, आपा!”

चमन माल घेऊन सांगलीला गेला होता. गावातल्या डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “मी हात लावत नाही, आधी कोल्हापूर गाठा.” दूध सोसायटीचे ड्रायव्हर गणपतराव जीप घेऊन धावत आले. “बसवा म्हाताऱ्याला, बसवा! अमीनभाई, दम धरा, अर्ध्या तासात पोचिवतो!”

त्या जीपमध्ये मी अब्बांचे पाय धरून बसले होते आणि नजीरा त्यांचं डोकं. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याची बाटली तिनं कधी घेतली होती कुणास ठाऊक. नळीच्या तोंडाशी दोन थेंब सोडायची, वर आलेला कफ फडक्यानं टिपायची, पुन्हा दोन थेंब. “अब्बा, माज्याकडं बघा. खोका. अजून. शाब्बास. डोळं मिटू नगासा.” खड्ड्यात जीप उडाली की ती त्यांची मान छातीशी धरायची.

आणि मी काय करत होते? मी विचारत होते, “खरं सांग, नजीरा. नळी बदललीस का न्हाय?”

तिनं मान वर केली नाही. “बदललीया, आपा. पर आता अब्बांकडं बघा.”

बदललीया! कबूल केलं! बाप माझ्या हातात तडफडत होता आणि मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. आज हे सांगताना लाज वाटते, पण वाटलं खरं. आणि दुपारचा तो दात? तो माझ्या मनानं सोयीस्करपणे गिळून टाकला होता.

दवाखान्यात अब्बांना सरळ आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. आतून भांड्यांचा आवाज, धावपळ, मग एकदम मोठा खोकला आला, ओला, घरघरता. अब्बांचा. नजीरानं दोन्ही हात तोंडावर धरले आणि हमसून हमसून रडायला लागली. मी रडले नाही. मी तिला काय काय विचारायचं ते मनात मांडत होते.

थोड्या वेळानं डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर आले. “बाहेरच्या नळीसकट ओढून काढावी लागली. आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस गेला होता. ही आतली नळी आमची नाही. कुणी केली?”

ट्रेमध्ये ती पडली होती. कडेला, नखाएवढ्या जागेत, चंद्रकोर आणि तिच्या पोटात ‘अ’. अब्बांचा ठसा. चाळीस वर्षं त्यांनी पैंजणांच्या आतल्या बाजूला मारलेला.

“त्यांनीच केली,” नजीरा डोळे पुसत म्हणाली. “दवाखान्यातली नळी त्यांनी कानशीनं घासून बघितली, डॉक्टर. वरनं मुलामा हुता, आतनं पिवळं निघालं. पाटीवर लिवलं, उभा जल्म चांदीत गेला, आता पितळंतनं श्वास घिऊ व्हय? आठ दिस बसून ही केली. अंगात ताकद न्हवती, भट्टीचं सगळं मी करत हुतो. आपांना सांगू नगंस म्हणाले. ती लगीच दवाखान्यात नेऊन परत पितळंचीच बसवील म्हणाले.”

“बरोबर होती मग तुमची आपा,” डॉक्टर म्हणाले. “चोख चांदी फार मऊ असते. म्हणून तर आम्ही वापरत नाही. आणि ही इथं चेपली कशी?”

शालूबाईंनी नळी उजेडात धरली. दोन बारीक खळगे, शेजारी शेजारी. “दात लागल्यासारखं दिसतंय, डॉक्टर.”

नजीरानं नळीकडं बघितलं. मग माझ्याकडं. फार नाही, पापणी लवेपर्यंत.

“माज्या हातनं पडली,” ती म्हणाली. “दगडावर.”

डॉक्टर तिच्यावर असे उखडले की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. अडाणीपणा म्हणाले, निष्काळजीपणा म्हणाले, म्हाताऱ्याच्या जिवावर उठलात म्हणाले. ती मान खाली घालून उभी होती. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. एक शब्द, एवढाच हवा होता. तो माझ्या तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा खाटेवर उठून बसले. खुणेनं त्यांनी आपली नळी मागितली. शालूबाईंनी दिली. अंगठ्याच्या पोटानं ते ती चाचपत गेले, कडेपासून टोकापर्यंत, आणि त्या दोन खळग्यांवर येऊन थांबले. उभ्या आयुष्यात हजारो तारा दाताखाली धरलेला तो माणूस. त्याला दगड आणि दात यांतला फरक कुणी सांगायचा?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली. त्यांनी पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढं धरली.

शंभर नंबरी. झाली खात्री?

त्यांचे खांदे हलत होते. हसत होते ते, आवाजाशिवाय. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथं मला रडू फुटलं. किती वेळ रडले कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं पाटीवरची अक्षरं पुसून टाकली, नजीरा चहा घेऊन येत होती म्हणून.

पाचव्या दिवशी सोडलं. हुपरीच्या एस्टीत अब्बा आमच्या दोघींच्या मधे बसले, गळ्यात दवाखान्याची नवी नळी, मुलाम्याची. बस गावाबाहेर पडली तसा त्यांचा डोळा लागला. त्यांच्या डोक्यावरून मी हळूच म्हणाले, “नजीरा, त्ये दात माझं हाईत.”

“ठावं हाय, आपा.”

“मग डॉक्टरला का न्हाय सांगितलंस?”

तिनं अब्बांच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला. “अब्बा आत जागं हुतं. सगळं त्यांच्या कानावर पडत हुतं.” मग म्हणाली, “लेक एकच हाय त्यांस्नी.”

मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि मधे बाप झोपला होता.

उसाच्या गाड्यांमुळं बस रखडत चालली होती. उन्हं उतरायला लागली तशी नजीरानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. तिच्यात ती वाटी होती, चिमटा होता, धुतलेली फडकी होती. अब्बांना धक्का लागणार नाही अशा बेतानं तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली.

“धरा,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर पानी तुमी उकळा.”

हुपरी येईपर्यंत मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले.