दिल्ली किती भाकरी लांब?

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आहे. अंगावर पोचे आहेत, कडी एका बाजूने वाकलेली आहे. अक्काबाईने मला वणीच्या जत्रेत घेतलं, बोटांनी टणटण वाजवून, आणि सुरगाण्याकडच्या आपल्या पाड्यावर आणलं.

मित्रांनो, अक्काबाईला किलोमीटर कळत नाहीत. ती वाट भाकरीने मोजते. शेत अर्ध्या भाकरीवर, वणीचा गड दोन भाकरींवर. नाशिककडे द्राक्षांच्या कामाला जायचं तर मी नाचणीच्या भाकरींनी काठोकाठ भरायचो. बांधावर मला उघडलं की बाया म्हणायच्या, "अक्के, तुझ्या डब्यातली नागलीची भाकर दुसऱ्या दिशीबी मऊच!" ते ऐकून माझं झाकणही उगाच खुळखुळायचं.

मग घरात प्लास्टिकचे रंगीत डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. पोटात नागलीचं बियाणं, पाठीवर धूळ.

दोन वर्षांपूर्वी अक्काबाईची लेक मीना लग्न होऊन दिल्लीला गेली. "ये ना गं आये," ती फोनवर म्हणायची. "लय लांब," एवढंच अक्काबाई बोले. फोन ठेवला की नागली पाखडताना गुणगुणे:

दूर दिली माझी लेक, वाट पुसू मी वाऱ्याला
किती बांधू गं भाकरी, तिच्या एकाच भेटीला

यंदा मीनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला. "आये, तू नाय आलीस तं मी एकटीच गं," मीना रडली. त्या दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं.

"हजार किलोमीटर हाय," तिचा धाकटा लेक धनराज म्हणाला, "पण विमानानं दोन तास."

"चल, खोटारड्या! दोन तासांत तुझी जीप नाशिकला नाय पोचत."

अक्काबाईने तीन दिवसांच्या भाकरी थापल्या, वर खुरासणीची चटणी. झाकण बसेना, तेव्हा धनराज माझ्यावर चक्क बसला.

ओझरच्या विमानतळापर्यंत घाट, खड्डे, जीपचे थांबे. विमानात मात्र मी तिच्या पायाशी निवांत होतो, शेजारी धनराज. भूक लागली तरी तिने मला उघडलं नाही. वाट लांब, पुरवून खायला हवं. थोड्या वेळाने विमान टेकलं. माणसं उठली, ती बसूनच.

"जेवायला थांबली का रं?"

"आये, ऊठ. दिल्ली आली."

तिने माझ्यावर हात ठेवला. "एका भाकरीचीबी वाट नवती," ती पुटपुटली, "अन् मी दोन वर्सं बसून राहिले."

मीनाने दार उघडलं. आधी दोघी रडल्या, मग माझं झाकण निघालं. भाकरी मऊच होती. मीना दोन्ही हातांनी खात होती आणि अक्काबाई तिच्या पोटावरून हात फिरवत होती.

मुलगी झाली. महिनाभराने अक्काबाई निघाली, तेव्हा मीनाने मला धुऊन पुसून तिच्या हाती दिलं.

"रिकामा डबा माहेरी धाडत्यात का?" अक्काबाईने मला परत ओट्यावर ठेवलं. "भरून आण. पोरीला घेऊन."

तेव्हापासून मी दिल्लीत आहे. मित्रांनो, पोचे आले म्हणून आम्हाला माळ्यावर टाकू नका. राखेने घासा, आम्ही अजून चालतो. आणि तुमचं माणूस लांब असेल, तर नुसतं अंतर ऐकून घरी बसू नका. काल मीना माझ्यात लाडू भरून बघत होती, किती मावतात ते.