न खाल्लेलं भरीत

कुंदाबाईला काढ्यातून मिळवायचं होतं ते एवढंच: नवरा पुन्हा मगनच्या मळ्यात भरिताच्या पंगतीला बसावा. त्यासाठी ती रोज कडुनिंबावरची गुळवेल तोडून आणी, उकळी आणि पेला लोटनपुढे ठेवी.

"पी ल्या. प्रतिकारशक्ती वाढस, बठ्ठा गाव सांगस."

गाव सांगायला कधीच कंजूष नव्हतं.

लोटन धरणगावच्या जिनिंगमधला. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं गेली, तेव्हा मुंबईत एका अनोळखी मृताचं फुप्फुस छातीत बसवलं. तेव्हापासून मास्क; गर्दी नको, धूर नको. हिवाळा लागला, शेजारी मगनच्या मळ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजू लागली, की हा ओट्यावरून नुसता धूर बघत बसे.

यंदा त्याचा दम पुन्हा उणा पडू लागला. मुंबईला तपासणी झाली. कुंदाबाई औषधांच्या रांगेत असताना डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय काय घेता?"

लोटननं काढा सांगितला.

"भाऊ, तुमच्या शरीराला हे फुप्फुस परकं वाटतं. ते त्यावर तुटून पडू नये म्हणून तर आपण प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. काढ्यानं ती डिवचली असेल. खात्रीनं नाही सांगता येत, पण आजपासून बंद. गेलेला दम सगळा परत येईल असंही नाही. बाईंना बोलवा, समजावतो."

"नको साहेब. मीच सांगतो."

बाहेर कुंदाबाईनं विचारलं, "काय म्हणनात?"

"घरनं औषध बठ्ठं बंद. काढा बी."

"पन बिघडनं कसामुये?"

लोटननं मास्क नीट केला. "तू पहूरले माहेरी गयथी ना, तवय मगनना मयामा भरीत खादं. आगटीजवय बसनू, मास्क काढीसन."

"मी रोज काढा उकायस, आनि तुम्ही तठे धूर खातस! लाज नही वाटनी?"

रेल्वेत जळगाव येईपर्यंत तिचं तोंड चालू होतं. मग खिडकीकडे बघत तिनं हळूच विचारलं, "कसं व्हतं?"

लोटन थांबत थांबत, दम घेत सांगू लागला. बामणोदची वांगी. कांद्याची पात. तेलात फुललेले शेंगदाणे. कळण्याची गरम पुरी. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यानं पानात वाढलं.

"मीठ?"

"जरासं कमी व्हतं. तुन्हा हातनं नव्हतं ना."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा एकदा त्याला झापलं.

फुप्फुस अनोळखी घरानं दिलं, दम लोटनचा गेला, आणि ज्या भरिताचा घासही त्यानं चाखला नव्हता, त्याची बोलणी धरणगावपर्यंत त्यानंच खाल्ली. कुंदाबाईच्या नावावर त्यानं काहीच पडू दिलं नाही.