बाळ झोपलंय

बेटावर जायची हौस नवऱ्याची. मुलं लहान आहेत तोवरच फिरून घ्यावं, पुढे शाळा मानगुटीवर बसते, असं त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, ही गोष्ट बायकोला कळली ती विमानात, धाकटा शेजारच्या गृहस्थांच्या इस्त्रीच्या शर्टावर ओकल्यानंतर.

बायकोला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेतली नव्हे, ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची. थोरलीच्या वेळी गाडीचा पट्टा पोटावर बसेनासा झाला तोवर शिकवत होती. मग थोरली झाली, पुन्हा कामावर जायचं घाटतंय तोवर धाकटा झाला, आणि ज्या बायकांना तिने क्लच म्हणजे काय इथपासून शिकवलं होतं त्या तिच्या समोरून हॉर्न वाजवत जायला लागल्या. पण आता सगळं जमून आलं होतं. सुट्टी संपवून परतलं की सोमवारपासून ती कामावर जाणार होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी सकाळची बायकांची बॅच तिच्यासाठी राखून ठेवली होती. पाळणाघरही ठरलं होतं. बेटावर यायच्या आधी ती मुद्दाम जाऊन आपल्या जुन्या गाडीत शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून आली, पायाखालचा जादा ब्रेक दोनदा दाबून आली, आणि घरी येताना रस्त्यात उगाचच हसत होती.

तर असं हे बेट. नारळाची झाडं होती, निळं पाणी होतं, पांढरी वाळू होती. वाळू गुंड्याने पहिल्याच दिवशी मूठभर खाल्ली. गुंड्या म्हणजे धाकटा, दहा महिन्यांचा. थोरली चार वर्षांची, तिचा रुबाब बघून घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणत. बाबागाडीची चाकं वाळूत रुतली ती रुतलीच, पुढे ती गाडी ओले टॉवेल वाळत घालायच्या कामी आली. सनस्क्रीन चोपडलेलं पोर हातातून निसटतं, डायपरमध्ये पाणी गेलं की तो पोरापेक्षा जड होतो, आणि समुद्र कितीही सुंदर असला तरी बाईसाहेबांना नेमकी बोट भर समुद्रात असतानाच शू लागते, हे ज्ञान तिला तिथे मिळालं. घरी जे करायचं तेच इथे करायचं, फक्त किटली परकी आणि सिंक लहान. लोक याला विश्रांती म्हणतात.

खोली एकच होती आणि तीच खरी अडचण होती. गुंड्याला दुपारी झोपायला मिट्ट काळोख लागायचा आणि टाचणी पडल्याचाही आवाज चालायचा नाही. मधेच उठला तर संध्याकाळपर्यंत किरकिर करून सगळ्यांच्या नाकी नऊ आणायचा. म्हणून बाळ झोपलं की घरात अळीमिळी गुपचिळी. हा नियम मास्तरणीनेच थोरलीच्या जन्मापासून घातला होता आणि कडक पाळला होता. दारावरच्या घंटीला तिने फडकं गुंडाळलं होतं. एकदा भर दुपारी खाली भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना तिने गॅलरीतून हात जोडून गप्प केलं होतं.

बेटावर तिने पडद्यावर टॉवेल आणि टॉवेलवर स्वतःची ओढणी केसांच्या क्लिपांनी अडकवली. जेवण झालं की गुंड्या पाळण्यात, बाईसाहेब पलंगावर पाय पसरून आवाज बंद केलेलं कार्टून बघताहेत, आणि आईबाप बाथरूममध्ये. ती कमोडचं झाकण लावून त्यावर, तो बाथटबच्या काठावर. बिस्किटं खायची तीही तोंडात विरघळवून. वरच्या झरोक्यातून एका नारळाचा शेंडा दिसायचा आणि पोहणाऱ्या लोकांचं हसणं ऐकू यायचं. दुपारचं बेट त्यांनी एवढंच पाहिलं.

त्या दुपारीही ती बेसिनवर बाटल्या विसळत होती. नवरा टबाच्या काठावर बसून तिच्याकडे बघत होता. हा माणूस पंप बनवणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. बोलणं मऊ, वागणं नेमस्त. त्याने अगदी हलक्या आवाजात सुरुवात केली. कंपनीचा नवा कारखाना उभा राहतोय. लांब आहे जरा, पण कंपनीने त्याला तिथला मुख्य करायचं ठरवलंय. तीन वर्षांसाठी. राहायला आवारातच घर, पुढे अंगण, बाईसाहेबांना शाळाही जवळ. पुढच्या महिन्यात जायचं. त्याने होकार कळवून टाकलाय.

तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. नळ तिने आधी बंद केला, कारण पाण्याचा आवाज होत होता. मग तिने विचारलं, "आणि माझा सोमवार?"

तो कुजबुजला, "अगं, सोमवार काय, दर आठवड्याला येतो. तिकडेही लोक गाड्या चालवतातच की."

"तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

"आता विचारतोय ना."

"आता सांगतोयस तू."

"हळू," त्याने दाराकडे मान केली. "उठेल तो."

आणि ती गप्प बसली. सवयीने बसली. पुढचं वाक्य तिच्या घशाशी आलेलं होतं, ते तिने गिळलं. कुजबुजत भांडता येत नाही, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच कळेल. रागाला आवाज लागतो. तो काढून घेतला की माणूस नुसता तोंड हलवत राहतो आणि समोरचा शहाण्यासारखा मान डोलवतो. ती म्हणाली, बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलू. तो म्हणाला, आणि पोरांना आत एकटं सोडायचं? त्याचं म्हणणं नेहमी बरोबरच असायचं.

त्याच वेळी तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. हा माणूस महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर बाळ झोपायची वाट बघतो. तिची स्वतःची छोटी गाडी विकायचं त्याने सांगितलं तेव्हा थोरली तिच्या मांडीवर नुकती डोळे मिटत होती. घर बदलून त्याच्या ऑफिसजवळ घ्यायचं सांगितलं तेव्हा थोरली खांद्यावर होती, आणि ती उभी राहून झुलत होती. आता दुसरं मूलही होऊन जाऊ दे, हेसुद्धा असंच, दुपारच्या अंधारात, पलंगाच्या दोन टोकांवरून. दर वेळी तिने ठरवलं होतं की हिला उठू दे, मग याला बघते. पण ती उठली की दूध, शू, खाऊ, रडं, आणि संध्याकाळी हा कुणाला तरी फोनवर सांगत असायचा की आमचं ठरलं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझा नवरा किती शांत गं, कधी आवाज चढवत नाही. त्याला गरजच काय होती? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि इतक्या वर्षांत आपल्याला हे दिसू नये, याची तिला त्याहून जास्त चीड आली.

तेवढ्यात आत गुंड्या रडायला लागला. नवरा टबावरून उठला आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद स्पष्ट दिसला. "झाली का झोप," असं चांगलं खणखणीत बोलून त्याने बाईसाहेबांना उचललं आणि तो पोहायला घेऊन गेला. मास्तरीण पोराचा डायपर बदलत, त्याला पुसत, भरवत मागे राहिली.

उन्हं कलल्यावर ती हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी आली. अर्धवट झोपेतून उठलेला गुंड्या तासभर रडला, आणि शेवटी छत्रीखाली तिच्या खांद्यावरच झोपला. तोंड उघडं, लाळेने तिचा खांदा ओला. आजूबाजूच्या छत्र्यांखाली आणखी तीन-चार पोरं आडवी झाली होती, आणि त्यांचे आईबाप मुडद्यासारखे पडले होते. बाईसाहेब उथळ पाण्यात हातपाय मारत होत्या. नवरा शेजारच्या आरामखुर्चीत, पोरीवर नजर ठेवून. एवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचे मोठे साहेब होते.

"हो सर, बोललो ना तिच्याशी," तो म्हणाला. "आजच. अगदी निवांत बसून बोललो. नाही नाही, तिची काही हरकत नाही. मुलांच्या दृष्टीने चांगलंच आहे, असं तीच म्हणाली."

बोलता बोलता त्याने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे आधी खांद्यावरच्या पोराकडे पाहिलं, पोर झोपलेलं आहे याची खात्री केली, आणि मग तिच्याकडे बघून हसला. मायेनेच हसला, हे सगळ्यात वाईट.

"माझी हरकत आहे," मास्तरीण म्हणाली.

शिकाऊ बाई ट्रकच्या अंगावर गाडी घालायला निघाली की मास्तरणीच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो आवाज. गुंड्या दचकला आणि त्याने टाहो फोडला. त्याचं ऐकून पलीकडच्या छत्रीतलं जुळं उठलं, जुळ्याचं ऐकून आणखी एक. पडलेले आईबाप उठून बसले आणि तिच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू तिने कुणाचा तरी जीव घेतला आहे. नवऱ्याने फोनवर हात ठेवला, मग काढून म्हणाला की काही नाही सर, इथे पोरांचा गोंधळ आहे.

तिने रडणारं पोर त्याच्या छातीवर ठेवलं. त्याला पोर धरावंच लागलं, आणि फोन तिच्या हातात आला. तिने साहेबांना नीट सांगितलं. मी त्याची बायको बोलतेय, मला कुणी विचारलेलं नाही, माझी हरकत आहे, आणि सोमवारपासून माझी नोकरी सुरू होतेय. साहेब भला माणूस असावा. त्याने सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, बाळ फार रडतंय हो," तो म्हणाला. "आधी त्याच्याकडे बघा. आपण काय, नंतर सावकाश बोलू." आणि त्याने फोन ठेवला. तिने परत लावला. वाजून वाजून बंद झाला.

इकडे नवरा गुंड्याला घेऊन छत्रीभोवती फेऱ्या मारत होता. पोर थकलेलंच होतं. थोडं मुसमुसलं, हुंदके अंतरा-अंतराने यायला लागले, आणि बापाच्या मानेत तोंड खुपसून ते झोपलं. नवरा जागच्या जागी थांबला. हळूहळू आरामखुर्चीत टेकला, श्वाससुद्धा जपून घेत.

मास्तरीण त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "मी सोमवारी कामावर जाणार आहे," ती म्हणाली. आवाज तिने खाली आणला नाही. "तू कारखान्यावर जा नाहीतर जाऊ नकोस. पोरं माझ्याबरोबर राहतील आणि पाळणाघरात जातील. घर सोडायचं नाही."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं. पोराने झोपेत हात हलवला, तसं त्याने तोंड मिटलं आणि डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं. तिने आणखी काय काय सांगायचं ते सांगितलं. विकलेल्या गाडीचं सांगितलं, बदललेल्या घराचं सांगितलं. आजूबाजूचे लोक ऐकत होते. तो एका हाताने पोराची पाठ थोपटत होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

सगळं बोलून झालं तरी तिला बरं वाटलं नाही. तो गप्प बसलाय म्हणजे त्याला पटलंय असं नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.