हंसाआजीच्या जागी

…नखांना मात्र गुलाबी रंग होता. हात नुसताच, कोपरापासून पुढचा, मेणचट, टेबलावर उताणा पडलेला – आणि पाचही नखांवर कडेला जरासुद्धा न सांडता लावलेला गुलाबी रंग. विद्याधर त्या हाताकडे बघतच राहिला. साहित्याच्या तपासणीत ही बाब कशी लिहायची – सरावाची बाहुली एक, हात निखळलेला, नेलपॉलिशसह? – असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यात लुईझा टीचर म्हणाल्या, “हंसाआजी आजारी आहे सर. हात निघाला तो निघालाच, पण कमरेचा स्क्रूसुद्धा गेला. कुशीवर वळवली की पाय एकीकडे नि धड भलतीकडे.”

मुली खुदखुदल्या. बाहुलीला हंसाआजी हे नाव त्यांनीच ठेवलं असणार. भुईगावच्या त्या व्यवसाय शिक्षण केंद्राची ही मागची खोली, एक लोखंडी खाट, चार बाकं, आणि रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या या मुली – कुणी अर्नाळ्याच्या, कुणी पाचूबंदरच्या, कुणी इथल्याच गल्लीतल्या. खोली फार मोठी नव्हती. याच्या जागी येणाऱ्या सौर पॅनेल दुरुस्तीच्या वर्गाचे बाक इथे कसे बसतील याचा हिशोब विद्याधरने दारातून आत येतानाच केला होता, आणि ते सहज बसणार होते.

“मग आजचं प्रात्यक्षिक?” त्याने विचारलं.

“तेच म्हणते. एकमेकींना झोपवलं तर खीः खीः करतात. आणि हलक्या आहेत हो सगळ्या, खरा पेशंट कुठे इतका हलका असतो?” त्यांनी त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही झोपता का?”

काय बाई आहे! मूल्यमापनाला आलेल्या माणसाला खाटेवर झोप म्हणते. रीतसर बी.एड. नाही, पाठाचं टाचण नाही, कुवेतला कुणा म्हातारीची सेवा करून आलेली, त्या भांडवलावर शिकवते… वरिष्ठ म्हणालेच होते, जाऊन या एकदा, म्हणजे कागद पूर्ण होतील. शुक्रवारच्या बैठकीत पुढच्या वर्षीचे अभ्यासक्रम ठरायचे होते. रुग्णसेवेच्या मुली कामाला लागतात पण टिकत नाहीत, शिक्षिकेची पात्रता अपुरी, अध्यापन सुमार – एवढं त्याने लिहिलं की ही खाट उचलायला कुणाची हरकत राहणार नव्हती. लिहायचं काय ते ठरलेलंच होतं म्हणा ना. आणि लुईझा टीचरना ते ठाऊक नव्हतं असंही नाही. मघाशी चहाचा कप पुढे करताना त्यांच्या बशीचा जो किणकिण आवाज झाला, तो काही उगाच नव्हता.

कदाचित त्या किणकिणीपायीच तो नाही म्हणू शकला नाही. ज्या माणसाची नोकरी आपण घालवणार आहोत त्याचं निदान एवढं तरी ऐकावं. बूट काढताना मोज्याला भोक तर नाही ना अशी धास्ती वाटली – नव्हतं, सुमन बघते ते सगळं – आणि मग तो चक्क आडवा झाला. छताला पाण्याचा एक जुना डाग होता.

“हे बघा,” लुईझा टीचर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम चढला, “या बाबांना लकवा झालाय. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ऐकू येतं, समजतं सगळं. सर, बोलायचं नाही, हलायचं नाही. आता तुम्ही सर नाही.”

लकवा. उजवी बाजू. हिला कुणी सांगितलं? आपलं वटार इथून असं कितीसं लांब… छे, कोण सांगणार! अशी माणसं घरोघर असतात, आपले वडील, अप्पा, काही एकटे नाहीत. हरेश्वर अप्पांच्या वाडीतली राजेळी केळी एके काळी थेट घाऊक बाजारात नावाने विकली जायची, आणि आता त्यांचं तोंड पुसायला दिवसा नर्सिंग ब्युरोचा माणूस येतो, त्याचा पगार मी वेळेवर देतो, औषधं मी आणतो, पाण्याची गादी मी आणली… कुणी विचारलंय का मला? कुणीच विचारलं नव्हतं. छतावरचा डाग तसाच होता.

“बाबा, मी रेवा. मी तुमच्या डाव्या बाजूला येतेय. तुमचा हात उचलते हं.”

आणि हात उचलला गेला. आधी शब्द, मग हात. एकीने घाईत आधीच खांदा धरला तर लुईझा टीचर तिच्यावर अशा खेकसल्या, “सांगितलंस का त्यांना? गोणी आहे का ती?” – वर्गव्यवस्थापन, विद्याधरने मनात म्हटलं, कठोर. फळ्याचा वापर, शून्य. पण मग त्याचा गुडघा दुमडला, कुणाचा तरी तळवा कमरेशी आला, आणि आपलं सगळं धूड, जे रोज आपणच ओढत असतो, ते आपण काहीही न करता कुशीवर वळलं. त्याला मोठी गंमत वाटली. आणि थोडी लाजही. ओल्या फडक्याने कपाळ, डोळ्यांचे कोपरे, कानामागे… कपाळाला असा दुसऱ्या कुणाचा हात शेवटचा कधी लागला होता? न्हावी सोडला तर आठवेना. सुमनशी गोडीगुलाबीचा संसार झाला, नाही असं नाही, पण कपाळावर हात ठेवायला माणसाला ताप तरी यावा लागतो, आणि विद्याधरला ताप येत नसे. डोळे भरून येतात की काय अशी त्याला भीती वाटली, म्हणून तो पुन्हा मनातल्या मनात गुण देऊ लागला. विद्यार्थ्यांचा सहभाग, चांगला. मान्य करायला हवं, चांगला.

पुन्हा उताणं करताना पाठीखाली रबरी कापडाची घडी पडली.

लहानशीच. पण ती नेमकी माकडहाडाच्या वर आली. एरवी माणूस असल्या घडीचा विचारही करत नाही, जरा सरकतो, झालं. सरकायचं नव्हतं.

“आता पेशंटला काहीतरी हवंय,” लुईझा टीचर म्हणाल्या. “काय ते तुम्ही शोधायचं. सर, मनात एक गोष्ट धरा. हो असेल तर डोळे मिटा, नसेल तर उघडे ठेवा. चला.”

धरायची कशाला, पाठीखाली होतीच. विद्याधरने मोठ्या उमेदीने मुलींकडे बघितलं.

“उशी वर घेऊ बाबा?” उघडे. “पंखा कमी करू?” उघडे. “लघवीला?” – यावर मागून कुणीतरी हसलं आणि त्याचे कान तापले, उघडे, सताड उघडे. “थंडी वाजते? दुखतं का कुठे?” हो, तसं दुखतंच की! तो डोळे मिटणार तेवढ्यात रेवाने पुढचं विचारलंसुद्धा, “डोकं दुखतं?” आणि मिटता मिटता डोळे त्याला पुन्हा उघडावे लागले. थांब ना जरा! एक प्रश्न विचारलास त्याचं उत्तर तरी घे! पण डोळ्यांनी एवढं सगळं कसं सांगायचं? त्याने खाली, कमरेच्या रोखाने बघितलं. “पाय! पाय चेपू का?” जेनिफर आनंदाने ओरडली. “बायकोला बोलवू?” “टीव्ही?” “देवाचं काही लावू?” आता तर त्याला संताप यायला लागला. अगं बायांनो, पाठीखाली हात घाला, नुसता हात घाला… सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, मन लावून, प्रेमाने म्हटलं तरी चालेल, आणि पाठीकडे एकीचंही लक्ष नव्हतं. घडी आता हाडात शिरत होती. मग प्रश्न विरळ होत गेले. मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. खिडकीशी लुईझा टीचर उभ्या होत्या, ओढणीचं टोक मुठीत गच्च, आणि त्यांचे ओठ हलत होते – नमो मरियेची प्रार्थना म्हणत असाव्यात. आपल्यासाठी. म्हणजे आपल्या शेऱ्यासाठी.

तेव्हा कोळ्यांची डायना, जी मघापासून मागेच होती, ती पुढे वाकली. “पानी पायजे काय बाबा?”

आणि विद्याधरने डोळे मिटले.

का मिटले? तहान नव्हती. चहा नुकताच झाला होता. पण पोरीचा चेहरा इतका जवळ होता, इतका काकुळतीला आलेला, आणि त्या खिडकीतल्या बाईचे ओठ… आणि खरं सांगायचं तर कंटाळा. हे थांबावं. काहीतरी एक द्यावं यांना, म्हणजे या सगळ्या खूश होतील आणि मला निवांत पडू देतील. खोलीत एकच गलका झाला. “पानीच! मी बोलली ना!” डायना नाचायची तेवढी बाकी राहिली. मग रीतसर डोकं उचललं गेलं, हनुवटी खाली घेतली, “बाबा, चमचा देतेय हं,” आणि नको असलेलं पाणी त्याच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं. शहाण्यासारखं गिळलं.

दुसरा चमचा आला तेव्हा त्याला अप्पांचा चहा आठवला.

संध्याकाळी अप्पा आवाज करतात. आं… आं… असा. डावा हात चादरीवर आपटत. दोन वर्षांपूर्वी लकवा झाल्यानंतर पहिल्या महिन्यातच सुमनने शोधून काढलं होतं की त्यांना चहा हवा असतो. नाहीतरी ते वाडीतून याच सुमाराला परतायचे आणि ओटीवर बसून चहा घ्यायचे. किती कौतुक झालं होतं तिचं! बघा, मला बरोबर कळतं त्यांचं. चहा दिला की अप्पा गप्प होतात. रोज. पाहुण्यांनाही आम्ही सांगतो, त्यांचं सगळं ठरलेलं आहे हो, पाचाच्या पुढे चहा, की मग त्रास नाही. आणि पहिल्या दिवशी… पहिल्या दिवशी काय काय विचारलं होतं आपण? पाणी, औषध, खिडकी, मग चहा. चहाला ते गप्प झाले. डोळे मिटून घेतले होते त्यांनी. आपण टाळी दिली होती सुमनला.

आणि ते डोळे…

“बास, बास. सर, उठा. झालं.”

विद्याधर उठून बसला. पाय खाली सोडले. फरशी गार होती. लुईझा टीचरचा चेहरा फुलला होता, त्या आता त्याच्याशी पुन्हा अदबीने बोलत होत्या, “बघितलंत ना सर? वेळ लागतो, पण पोरी सोडत नाहीत. तेवढंच शिकवते मी. बाकी मला ते टाचण-बिचण जमत नाही, तुम्ही काय ते लिहा. पण पेशंटला काय हवं ते माझ्या पोरींना कळतं.” कळतं, हेच त्यांचं सगळं होतं. त्या शब्दावरच हा वर्ग, ही खाट, पुढचं वर्ष.

आणि ते खोटं होतं, आणि त्या खोलीत ते फक्त त्याला माहीत होतं. हसून मान डोलावली असती तर चाललं असतं. सगळ्यांचं भलं झालं असतं. शेराही बरा लिहिता आला असता. लोक असेच तर भले असतात, समोरच्याची मेहनत वाया जाऊ नये म्हणून नको ते पाणी पितात. दोन-दोन वर्षं पितात.

“नाही,” तो म्हणाला.

“काय सर?”

“पाणी नको होतं मला. कंटाळलो होतो, म्हणून डोळे मिटले.”

डायनाने वाटीतला चमचा काढून ओढणीला पुसला. लुईझा टीचरच्या चेहऱ्यावरचं ते फुललेपण असं उतरलं की विद्याधरला स्वतःचा राग आला. केलंस ना? यासाठीच आला होतास, तेच केलंस. पण मला ते म्हणायचं नव्हतं! तुम्ही नापास झालात असं मला म्हणायचं नव्हतं, बाई. या खाटेवरून जे दिसलं ते कुठल्या रकान्यात घालायचं तेच मला कळेनासं झालंय…

“मग काय हवं होतं सर?” रेवाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. पाठीखाली घडी होती, एवढंच तर सांगायचं. पण ती आता नव्हतीच. उठताना सपाट झाली होती. दोन वर्षांत अप्पांच्या पाठीखालची घडीसुद्धा अशीच कधीतरी गेली असेल, की अजून आहे? त्यांना तरी आठवत असेल का, त्या पहिल्या दिवशी त्यांना काय हवं होतं? वाडीतलं काही? आई? की फक्त कुणी हात धरून म्हणावं, हरेश्वर, मी तुमच्या डाव्या बाजूला येतोय…

“परत झोपता का?” लुईझा टीचर म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता. त्यांनी शुक्रवार बिक्रवार सगळं बाजूला ठेवलं होतं, किंवा आता काय व्हायचं ते होऊ दे असं ठरवलं होतं. “परत विचारतील पोरी. पहिल्यापासून.”

त्याने घड्याळाकडे बघितलं नाही. मुकाट पाय वर घेतले आणि आडवा झाला. “बाबा, मी रेवा. मी परत विचारते हं,” डाव्या बाजूने आवाज आला. या खेपेला कितीही कंटाळा आला तरी डोळे मिटायचे नाहीत, त्याने स्वतःला बजावलं. कुणाच्या तोंडाकडे बघून मिटायचे नाहीत. उघडेच ठेवायचे. आणि तेवढ्यात, याआधी त्याला कधीच वाटली नव्हती अशी एक भीती मनात आली – की आपण डोळे उघडे ठेवून इथे वाट बघत पडू, आणि विचारणारीच आधी दमून जाईल.