एकोणसाठ नंबरचं उपकेंद्र

सभागृहाच्या भिंतीवर रिक्त आरोग्य उपकेंद्रांची यादी चिकटवली होती. सकाळपासून मी उठून उठून त्यातली एकच ओळ पाहून येत होते. अनुक्रमांक एकोणसाठ. आमच्या फुलसावंगीपासून चार किलोमीटर. माझ्या नवऱ्याच्या, रवीच्या, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासमोरून ऑटो निघते ती थेट दारात सोडते. ती ओळ मिळाली तर दुपारी घरी येऊन अर्पिताला पाजून परत जाता येईल. अर्पिता दहा महिन्यांची आहे. बाटली तोंडातही घेत नाही.

बीएनंतर माझं लग्न झालं, मग एएनएमचा नर्सिंग कोर्स केला. शेवटची परीक्षा पोट सांभाळत दिली. आरोग्य सेविका म्हणून नाव लागलं तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पण नेमणूक कुठं, ते आज यवतमाळला ठरणार होतं. गुणांप्रमाणे एकेकीला बोलावणार, तिनं उरलेल्यातला एक नंबर सांगायचा, सही करायची. सहीनंतर बदल नाही. माझा क्रमांक बत्तिसावा.

एकतिसावी माझ्या शेजारीच बसली होती. पस्तिशी ओलांडलेली, मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात.

"ते बाहेर रडून राह्यली ते पोट्टी तुमची हाय का?" तिनं विचारलं.

"हाव. तिच्या बाबाजवळ आहे."

"मंग जाऊन पाजून या ना. नंबर आला त मी आवाज देतो."

मी नको म्हटलं. मी बाहेर गेले आणि तेवढ्यात कुणी एकोणसाठ घेतलं तर, असं वाटत होतं. जणू मी नुसती बघत बसले म्हणजे ते कुणी घेणार नव्हतं.

तिचं नाव संगीता राठोड. नऊ वर्षं तिच्या तांड्यावर आशाताई होती. "बाया घेऊन जायची मी डिलिव्हरीले, अन् आतली सिस्टर म्हणे, तू बाहेर थांब. नऊ वर्षं त्या बाकावर बसली, बाई. मंग लेकीच्या वयाच्या पोरींसंग कॉलेज केलं. आमची याडी मले पुसते, आता तू आत बसशीन, त मंग तू बी दुसरीले बाहेर थांब म्हणशीन का?"

"मग काय सांगितलं आईला?"

"म्हटलं, एकडाव म्हणून पाहीन. कसं वाटते ते तर समजू दे." ती हसली आणि यादीची घडी उलगडून तिनं मला दाखवली. लाल पेनानं एका आकड्याभोवती गोल केला होता. ५९.

"चांगलं आहे," मी म्हटलं. तिला माझ्यापेक्षा अर्धा गुण जास्त होता.

"संगीता किसनसिंग राठोड," माईकवरून आवाज आला. पुढच्या नंबरवालीनं तिच्या मागं उभं राहायचं होतं, म्हणून मीही उठले. तिच्या खांद्यावरून मला रजिस्टर दिसत होतं.

"बोला, कोणता नंबर?"

"एकोणपन्नास," ती ठणठणीत म्हणाली.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मग कळलं. तिला वाटलं, पन्नासावर नऊ म्हणजे एकोणपन्नास. या आकड्यासाठी चौथीत मीही छडी खाल्ली होती, आणि आमच्या घरी तर सगळे मराठीच बोलतात. तिनं घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलत शाळा केली. लिपिकाचं बोट खाली सरकलं आणि एकोणपन्नासवर थांबलं. वणी तालुका, राजूरजवळ, कोळशाच्या खाणींकडचं. त्यानं तिचं नाव लिहिलं. "सही करा."

तिनं पेनाचं टोपण काढलं.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. चूक तिची, नियमही तिला माहीत होते. खिडकीतून कडुनिंबाखाली रवी दिसत होता, अर्पिताला खांद्यावर टाकून गोल गोल फिरत. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझा कुर्ता दुधानं ओला झाला होता.

तिनं 'सं' काढला.

"थांबा," मी म्हटलं. "ताई, तुम्हाला फिफ्टी नाईन पाहिजे ना? ते एकोणसाठ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. लिपिक वैतागला, "घरून ठरवून यायचं ना, बाई." पण त्यानं ती ओळ खोडली. तिनं एकोणसाठसमोर सही केली, अक्षर अक्षर सावकाश. वळताना माझ्या हातातल्या फाईलवर तिची नजर गेली. तिथं माझा पत्ता होता.

"फुलसावंगीची हायस तू?"

"हाव."

"मंग काहून बोलली?"

माईकवर माझं नाव आलं आणि मी पुढं सरकले. आमच्या महागाव तालुक्यातलं आता एकही उरलं नव्हतं. लिपिकानं खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "लहान बाळ आहे ना? मग एकोणपन्नास घ्या. राहायची खोली चांगली आहे तिथली." मी सही केली.

बाहेर रवीनं आधी अर्पिताला माझ्याकडे दिलं. मी कडुनिंबाच्या पारावर बसून तिला ओढणीखाली घेतलं.

"कुठलं भेटलं?"

"राजूरजवळचं."

त्यानं मनातल्या मनात गाड्या मोजल्या असाव्यात. "दोन गाड्या बदलून सहा घंटे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई म्हणे, लांबचं भेटलं त पोट्टीचं दूध सोडवू, राहीन आमच्यापाशी."

"नाही. मी तिले घेऊन जातो. खोली आहे तिथं."

"अन् दिवसा कोण पाहीन?"

"पाहीन मी काहीतरी."

तो पाराच्या कडेला बसला. अर्पिताचा एक मोजा उलटा-सुलटा करत राहिला.

"मंग मी?" तो म्हणाला.

अर्पिता पीत होती. पिता पिता तिचा हात ओढणीबाहेर आला आणि हवेत चाचपडत त्याच्या शर्टाचं बटण शोधू लागला. हात पुरत नव्हता. रवी सरकला, तिला ते बटण सापडेल इतका जवळ.