ळची जागा

"आता मी 'वेळ' म्हणतो. तुम्ही फक्त बघा, विठोजीराव."

जयतीर्थनं पातळ, काळी खोटी टाळू तोंडात वरच्या बाजूला दाबून बसवली. तिच्यावर त्यानं आधीच खडूची पूड भुरभुरवली होती. तो एकदाच "वेळ" म्हणाला, आणि जीभ पुन्हा कुठं लागू न देता ती टाळू बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्या पुडीत एकाच जागी, बरीच आत, करंगळीच्या नखाएवढा काळा ठिपका उमटला होता.

"जीभ इथं लागली म्हणून इथली पूड गेली. आता 'वेल' म्हणतो."

पुन्हा पूड, पुन्हा तोंड. या वेळी काळी खूण अगदी पुढं, दातांच्या मागं होती.

"एका बोटाचा फरक," जयतीर्थ खुशीत म्हणाला. "पण तेवढा चुकला की वेळेची वेल होते."

हा विनोद त्यानं संस्थेत चार ठिकाणी करून पाहिला असावा, कारण म्हटल्यावर तो हसण्यासाठी थांबला. विठोजी हसला नाही. म्हाताऱ्याला कळलं नसावं असं जयतीर्थला वाटलं. खरं तर त्याला नको इतकं कळलं होतं.

बेंगळूरला मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यामागच्या गल्लीत विठोजी कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत. विठोजी साचा ओतून, मेण लावून, दात बसवून कवळी परत धाडायचा. तीस वर्षांत शेकडो तोंडं त्याच्या हाताखालून गेली होती, पण रस्त्यात कुणी ओळख देत नसे. आपली कवळी कुणी केली हे कोण चारचौघांत सांगतो? घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं आलं, असं घरात सांगत. तलवार कुठं गेली ते ठाऊक नाही, विठोजीच्या हातात मात्र कानस होती.

जयतीर्थ एका संशोधन संस्थेत होता. पुण्यात शिकलेला, त्यामुळे मराठी पुणेरी बोलायचा आणि चिडला की कन्नडात शिरायचा. जगातली माणसं ट, ड, ण, ळ कसे उच्चारतात याचा त्याला ध्यास होता. माणूस सापडला की तो त्याच्या टाळूचं माप घ्यायचा, आणि त्या मापावरून साचा आणि कागदासारखी पातळ खोटी टाळू करून द्यायचं काम बासष्ट सालच्या जानेवारीपासून विठोजीकडे आलं होतं. फळीवर साचे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाला चिठ्ठी होती: नाव, भाषा, गाव.

"ही तमिळ मास्तरांची टाळू," जयतीर्थ एकेक साचा उचलून दाखवू लागला. "हे जीभ इतकी मागं वळवतात की तिची खालची बाजू वर लागते. हे हवालदार लखनौचे. ह्यांनी शेंडा जरासा उचलला की 'ट' निघतो, आणि ळ ह्यांच्या बोलण्यात नाहीच. आणि ही मिशनमधली नर्स, स्वीडनची. त्यांच्याकडे 'र' आणि 'त' शेजारी आले की दोघं मिळून आपल्यासारखा 'ट' होतात. बाईंना स्वतःला हे ठाऊकच नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांकडेही हे आवाज भरपूर आहेत, पण त्यांची टाळू मी कुठून आणू?"

विठोजी मधेच म्हणाला, "सर, टाळू जाड असली तर?"

"म्हणजे?"

"कवळीची. इथं." त्यानं काळ्या ठिपक्याच्या जागेवर बोट ठेवलं.

"मग जीभ वळायला जागाच उरणार नाही. ळ गेलाच समजा. माणूस कितीही धडपडला तरी ल निघेल." जयतीर्थ पुडीची डबी बंद करत म्हणाला, "का हो?"

"काही नाही. सुम्ने विचारलं, उगीच."

जयतीर्थ गेल्यावर विठोजीनं फळीवरचे साचे पुन्हा ओळीनं लावले. पाच वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की नव्या कवळीनं पहिले काही दिवस बोबडं होतंच, आणि पुढं बोलायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर असतं.

ती कवळी त्याच्या बायकोची होती, तानूबाईची. पंचेचाळिशीतच तिचे वरचे सगळे दात काढावे लागले, सत्तावन्न साली. लोकांच्या कवळ्या विठोजी मापात करायचा. हिची करताना त्यानं हात राखला नाही. फुटू नये, जन्मभर टिकावी, म्हणून टाळूवर तांबडं रबर दुप्पट जाड ठेवलं आणि भट्टीत घातलं. माया दाखवायची त्याला तेवढीच रीत येत होती.

त्याआधी रोज साडेबाराला, जेवण वाढलं की, तानूबाई मागच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन म्हणायची, "वेळ झाली." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि "अहो" म्हटलं तर बसलेलं गिऱ्हाईकही मान वर करायचं. तेव्हा "वेळ झाली" हेच त्याचं नाव पडलं होतं. ते ऐकलं की तो हातातली कानस ठेवून स्टुलावरून उठायचा.

कवळी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वेल झाली."

दोन गिऱ्हाइकं बसली होती. विठोजीला राहवलं नाही. "कसली वेल झाली ग? दोडक्याची का भोपळ्याची?"

गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. पदर तोंडाला लावून तीही हसल्यासारखी झाली. पुढं आठवडाभर त्यानं रोज वेगळी भाजी काढली. वाईट हेतू नव्हता. हेतू वाईट नसला की माणसाला थांबायची गरज वाटत नाही.

बाजारात याहून वाईट झालं. कन्नडात "हेळी" म्हणजे "सांगा". त्यातल्या ळचा ल झाला की तो शब्द थेट परसाकडे जातो. भाजीवाल्यांच्या ओळीत हशा पिकला. तानूबाई रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि पुन्हा बाजारात गेली नाही. हळूहळू तिनं ज्यात ळ येतो ते शब्द टाळले, मग वाक्यं टाळली, मग नवऱ्याशी बोलणंच हो-नाहीवर आलं. साडेबाराला ती आतून ताटावर चमचा वाजवू लागली. दोनदा, टण टण.

"हे बरं झालं," विठोजी एकदा म्हणालाही होता. "भट्टीच्या आवाजात नीट ऐकू येतं."

गेल्या श्रावणात ती तीन दिवसांच्या तापानं गेली. चमचा मात्र गेला नाही. रोज साडेबाराला विठोजीला तो आवाज यायचा, दोनदा, आणि तो उठायचा. आत उंबऱ्यापाशी गेल्यावर त्याला आठवायचं. मग तो स्वतःच्या हातानं भात वाढून घ्यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी मंदिराची वाट दाखवली असती, आणि आवाज बंद व्हावा असं त्याला वाटतच नव्हतं.

आज जयतीर्थनं तो ठिपका दाखवला, आणि विठोजीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिची वाचा आपण घालवली का?

त्यानं कपाटातून पत्र्याचा डबा काढला. तानूबाईची कवळी पांढऱ्या फडक्यात होती. शिवाय फळीच्या अगदी मागं तिचा साचा होता, चिठ्ठी नसलेला. कवळी त्यानं उजेडात उलटी धरली आणि त्याची बोटं थांबली.

टाळूवर, बरीच आत, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत रबर घासलेलं होतं. चांगलं खोल. हे काम त्याचं नव्हतं. तो घासायचा ते एका दिशेनं, या रेघा मात्र वेड्यावाकड्या, भीत भीत मारलेल्या होत्या.

मग त्याला आठवलं. तीनेक वर्षांपूर्वी त्याच्या बारीक गोल कानशीत तांबडा भुगा अडकलेला दिसला होता आणि तो तानूबाईवर करवादला होता. "माझ्या हत्यारांना हात लावलास? ह्यानं काय नखं घासतीस?" ती काही बोलली नव्हती. तेव्हा ती कशालाच बोलत नव्हती.

शुक्रवारी जयतीर्थ आला तेव्हा विठोजीनं ती कवळी त्याच्यापुढं ठेवली. कुणाची ते सांगितलं नाही. "स्वल्प बघा, सर. ह्या कवळीत ळ निघेल काय?"

जयतीर्थनं खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघून त्यानं त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हुशार माणूस दिसतोय," तो म्हणाला. "नेमकी ळची जागा शोधून काढलीय. आणि बघा, कडेला रेघा खरखरीत आहेत, मधे मात्र गुळगुळीत. म्हणजे इथं जीभ लागत राहिलीय, पुष्कळ दिवस. निघेल काय म्हणता, चांगला स्वच्छ ळ निघत असणार."

"नाही," विठोजी म्हणाला. "ती चमचा वाजवायची."

जयतीर्थला काही समजलं नाही. पण भाषेचा माणूस असल्यामुळे तेवढं त्याला समजलं की इथं विचारू नये. तो आपले साचे बांधून घेऊन गेला.

विठोजी परसातल्या कुंपणापाशी गेला. पलीकडे गंगव्वा धुणं वाळत घालत होती. ती बेळगावकडची, मराठी-कानडी दोन्ही बोलणारी, तानूबाईची एवढी एकच मैत्रीण.

"गंगव्वा, तानू तुझ्यासंगं बोलायची काय?"

"बोलायची म्हंजे?" गंगव्वानं चिमटा तोंडातून काढला. "रोज दुपारी तीनला येऊन बसायची की. माझ्या नातीला बाळ, कमळ, गूळ असं म्हणायला कुणी शिकवलं मग? अक्कानंच. एक शब्द चुकू देत नव्हती."

"ळ यायचा तिला?"

"आधी न्हाई यायचा. तुमी भाईर गेला की कानस लावायची नि हितं येऊन म्हणून बघायची. कितीतरी दिवस चाललंतं. आला त्या दिवशी किती हसली म्हणून सांगू. 'वेळ झाली, वेळ झाली' म्हणत बसली होती नुसती. ती जायच्या आधी दोन वर्सांची गोष्ट."

विठोजीनं कुंपणाचा खांब धरला. "मला का नाही म्हणाली?"

"मी सांगितली की तिला. अक्का, अण्णास्नी म्हणून दाखीव की." सांगावं की नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "ती म्हणाली, 'त्यांनी विचारलं तर दाखवीन. ताटाची सवय झालीय त्यांना.'"

हातातली ओली साडी तिनं झटकली. "विचारला न्हाईसा व्हय, अण्णा?"

"नाही," विठोजी म्हणाला.

दोन वर्षं तो ळ घरात होता. भिंतीपलीकडे तो कवळ्या घासत होता आणि अलीकडे ती वाट बघत होती, एवढा एक प्रश्न येतो का म्हणून. त्याला रडू आलं, ते त्यानं गंगव्वापुढंच येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारी तो कामाला बसला. एका डॉक्टराची घाई होती. मेण कोरता कोरता सहज वर बघितलं तर घड्याळात एक वाजायला आला होता. साडेबारा होऊन गेले होते आणि चमचा वाजला नव्हता.

तो आत गेला. ताट फळीवर होतं. त्याच्या काठाला एका ठिकाणी बारीक पोचा पडला होता, दोन ठोक्यांचा, चार वर्षांचा. त्यानं ताट खाली घेतलं, चमचा हातात धरला, आणि वाजवला नाही. दोन्ही परत ठेवून दिले.

तानूबाईच्या साच्यावर तिची कवळी बसवून त्यानं तो सकाळीच फळीवर पुढं ठेवला होता. आता त्यानं चिठ्ठी लिहून चिकटवली: तानूबाई, मराठी, बेंगळूर. खाली थोडी जागा उरली होती, तिथं नुसता ळ काढला.

मग तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, ती उभी राहायची तिथं उभा राहिला. समोर खोलीत त्याचं स्टूल होतं, कानस मेजावर होती.

"वेळ झाली," तो म्हणाला.

ळ अगदी स्वच्छ निघाला. स्टुलावरून कुणी उठलं नाही.